दिवाळी अंक योजनेच्या तोंडावर पीएचपी बदलताना: एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका 'अ' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचं आहे. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. संकेतस्थळाची देखभाल आमच्याकडे, म्हणजे तीन माणसांच्या एका छोट्या वेब कामाच्या कार्यालयाकडे आहे.

संकेतस्थळ तसं साधं: पुस्तकांची शोधयादी, सूचनाफलक, सभासद होण्याचा अर्ज आणि दिवाळी अंक योजनेची नोंदणी. पण या शेवटच्या पानावर ग्रंथालयाचं बरंच काही अवलंबून असतं. सभासद एकदाच वर्गणी भरतात आणि पुढचे दोन-तीन महिने आळीपाळीने अंक घरी नेतात. नवरात्राच्या आसपास नोंदणी सुरू झाली की बाहेरगावी नोकरी करणारी मुलं आईवडिलांची नावं तिथूनच नोंदवतात. ते पान दोन दिवस बंद राहिलं, तर फोन थेट ग्रंथपालबाईंना जातात.

मूळ कोड पीएचपी या संकेतस्थळं बनवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेतला, तिच्या ५ व्या आवृत्तीच्या काळातला. पुढे कुणीतरी डेटाबेसची जुनी फंक्शनं बदलून तो पीएचपी ७.४ पर्यंत आणला होता. संकेतस्थळ शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळं मिळून वापरतात अशा कंपनीच्या सर्व्हरवर, सीपॅनेल या नियंत्रण-पानावरून चालणारं. बदल करायचा तर फाइलझिला हे सर्व्हरवर फाइल चढवायचं (एफटीपी) सॉफ्टवेअर उघडायचं आणि चालू संकेतस्थळावरच नवी फाइल चढवायची, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. आमच्या तीन संगणकांवर झॅम्पच्या, म्हणजे संगणकावरच पीएचपी आणि डेटाबेस चालवणाऱ्या संचाच्या, तीन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य त्यामुळे कार्यालयात रोज ऐकू यायचं आणि ते दरवेळी खरंच असायचं.

अडचण

होस्टिंग कंपनीचा मेल आला: ठरावीक तारखेनंतर पीएचपी ७.४ काढून टाकणार, सगळ्या खात्यांनी ८.१ वर यावं. कंपनीचं म्हणणं रास्तच होतं. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबलं होतं. पण दिलेली तारीख नोंदणीच्या ऐन हंगामात येत होती.

एका रात्री सीपॅनेलमधून आवृत्ती बदलून पाहिली, तर मुखपृष्ठ पूर्ण कोरं. पाचेक मिनिटांत परत ७.४ वर आणलं. नोंदीच्या फाइलमध्ये कारण सापडलं: मेनू तयार करणाऱ्या कोडमध्ये 'ईच' हे फंक्शन वापरलं होतं आणि पीएचपी ८ मध्ये ते उरलेलंच नाही. ही एक चूक दिसली, पण तिच्यामागे आणखी किती लपल्या आहेत हे चालू संकेतस्थळावर शोधायचं म्हणजे सभासदांच्या डोळ्यांदेखत शोधायचं. ते कुणालाच मान्य नव्हतं.

समोर असलेले पर्याय

रात्री बदलायचं आणि पहाटेपर्यंत जे फुटेल ते निस्तरायचं, हा पर्याय ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी आधीच बाद केला.

दुसरा पर्याय होता त्याच होस्टिंगवर उपडोमेन (मूळ पत्त्याखालचा वेगळा पत्ता) काढून तिथे ८.१ लावून चाचणी करणं. सीपॅनेलमध्ये प्रत्येक डोमेनला वेगळी आवृत्ती देता येते, त्यामुळे हा पर्याय वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. मात्र प्रत्येक दुरुस्ती एफटीपीने चढवायची, खातं तेच आणि चाचणीतले मेल खऱ्या सभासदांना जाण्याचा धोका. हा पर्याय शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवायचं ठरलं.

झॅम्पच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवता आल्या असत्या, पण फाइलच्या नावांत विंडोजवर मोठ्या-लहान रोमन अक्षरांचा फरक धरला जात नाही आणि होस्टिंगच्या लिनक्सवर धरला जातो. संपूर्ण आभासी यंत्र, म्हणजे लॅपटॉपमध्येच सॉफ्टवेअरने उभारलेला दुसरा संगणक, चालवणं आमच्या आठ जीबीच्या लॅपटॉपला जड जात होतं.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती चालू संकेतस्थळच भाड्याच्या सर्व्हरवर नेऊन तिथे कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त कप्प्यात, चालवायचं की नाही, यावर. आमच्या नव्या सहकाऱ्याचा आग्रह होता: एकदाच नेऊ, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या तारखांशी आपला संबंधच उरणार नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. पण मग लिनक्सच्या सुरक्षा दुरुस्त्या, बॅकअप, प्रमाणपत्राचं नूतनीकरण, मेल सर्व्हरची पत हे सगळं आपल्या गळ्यात येतं. ग्रंथालयाकडे यासाठी माणूस नाही आणि आम्ही उद्या असू-नसू. शेअर्ड होस्टिंग कितीही जुनाट वाटलं तरी ही कामं तिथे कुणीतरी दुसरं करत असतं. छोट्या संस्थेसाठी ही बाजू मला आजही जड वाटते.

म्हणून निर्णय असा झाला: चालू संकेतस्थळ आहे तिथेच राहील, कंटेनर केवळ चाचणीसाठी आपल्या लॅपटॉपवर.

काय केलं

कंटेनर म्हणजे छोटं आभासी यंत्र, असा समज अजून आहे. तसं नाही. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, प्रक्रियांना एकमेकींपासून वेगळं ठेवण्याची आणि त्यांच्या वाट्याला किती मेमरी व प्रोसेसर यावा हे ठरवण्याची सोय आहे. डॉकर या सॉफ्टवेअरने २०१३ मध्ये ती सोय सामान्य प्रोग्रामरच्या हातात दिली. कर्नल एकच असल्यामुळे कंटेनर काही सेकंदांत उभा राहतो आणि मोडून पुन्हा तसाच्या तसा उभा करता येतो. विंडोजवर मात्र हे सगळं डब्ल्यूएसएल २ या विंडोजमधल्याच सोयीतून मिळणाऱ्या लिनक्सवर चालतं. तो लिनक्स मेमरी भरपूर ओढतो, त्यामुळे त्याला तीन जीबीची मर्यादा घालून दिली. डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना मोफत आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नव्हता.

पहिलं काम कंटेनर उभारण्याचं नव्हतं. चालू सर्व्हर नेमका कसा आहे ते आधी लिहून काढलं: पीएचपीची आवृत्ती, चालू असलेली एक्स्टेन्शनं (पीएचपीला जोडायचे जादा भाग), अपलोडची मर्यादा, टाइमझोन, डेटाबेसची आवृत्ती. हे केल्याचा लगेच उपयोग झाला. पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो त्या तयार साच्यात, सेटिंगची 'पीएचपी डॉट आयएनआय' ही फाइल तयार नसते. नमुन्याच्या दोन फाइल्स असतात, त्यातून आपण निवडायची. डेटाबेसशी बोलणारं मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शनही वेगळं घालावं लागतं आणि टाइमझोन यूटीसी असतो. भारतीय वेळ लावली नसती, तर आजच्या तारखेची सूचना पहाटे साडेपाचनंतर दिसली असती.

मग या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय घेतला. ८.१ चा एकच कंटेनर न उभारता, त्याच कोडवर दोन वेब कंटेनर शेजारी उभारले: एक ७.४ चा, ८०७४ पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार), दुसरा ८.१ चा, ८०८१ पोर्टवर. प्रत्येकाला डेटाबेसची स्वतंत्र प्रत. म्हणजे कुठलंही पान दोन खिडक्यांत उघडून 'आधी काय दिसत होतं आणि आता काय दिसतंय' हे पाहता येतं. डॉकर पोर्ट उघडताना ते लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. ७.४ च्या इमेजला आता दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे दोन्ही पोर्ट १२७.०.०.१ ला बांधले, म्हणजे ते त्याच लॅपटॉपवरून उघडतील, इतर कुठून नाही.

सभासदांची खरी माहिती लॅपटॉपवर आणायची नाही, हेही आधीच ठरलं होतं. फोन, पत्ते आणि ई-मेल होस्टिंगवरच बदलून मगच प्रत उतरवली. मेल पकडण्यासाठी मेलपिट नावाचा छोटा कंटेनर जोडला. संकेतस्थळ जे काही पाठवेल ते त्याच्या पानावर दिसतं, बाहेर काहीच जात नाही.

पहिल्याच प्रयत्नात डेटाबेस जोडला जाईना. चूक दाखवत होती 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. आमचा सहकारी बराच वेळ फाइल शोधत बसला. कोडमध्ये डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा होता. हा शब्द दिसला की पीएचपी नेटवर्कने न जाता त्याच यंत्रावरची सॉकेट फाइल शोधतं आणि डेटाबेस तर दुसऱ्या कंटेनरमध्ये. तिथे कॉम्पोज फाइलमधलं, म्हणजे कुठले कंटेनर कसे उभारायचे ते लिहिलेल्या फाइलमधलं, सेवेचं नाव द्यावं लागतं. आम्ही पत्ता कोडमध्ये न बदलता पर्यावरण चलातून, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमधून, घ्यायची सोय केली, म्हणजे तीच फाइल होस्टिंगवरही चालेल.

दुसरी अडचण अशी की डेटाबेसची प्रत दुरुस्त करून पुन्हा चढवली तरी जुनाच मजकूर दिसत राही. अधिकृत इमेज सुरुवातीच्या एसक्यूएल फाइल्स फक्त डेटाचं फोल्डर रिकामं असतानाच चालवते. कंटेनर मोडला तरी व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवण्याची त्याची जागा, शिल्लक राहतो. तोही काढून टाकला, तेव्हा नवी प्रत चढली.

नंतर मराठीचा प्रश्न आला. शोधयादी उघडली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं. कारण शोधताना एक जुनं दुखणंच हाती लागलं. टेबलं लॅटिन १ या फक्त रोमन लिपीसाठीच्या अक्षरसंचात होती. जुना कोड मराठीचे यूटीएफ ८ (सगळ्या लिपींसाठीची पद्धत) बाइट त्यात तसेच ओतत असे आणि तसेच परत काढत असे. दोन्ही बाजूंनी सारखीच चूक, त्यामुळे पडद्यावर सगळं नीट दिसे. कंटेनरमधला मारियाडीबी हा डेटाबेस मात्र मुळातच यूटीएफ ८ एमबी ४ बोलतो, त्यामुळे ती चूक उघडी पडली.

त्यातून आणखी एक गोष्ट कळली. यूटीएफ ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. 'मराठी' या शब्दाला पंधरा बाइट लागतात. नावाचा रकाना शंभराचा होता, म्हणजे लॅटिन १ मध्ये शंभर बाइटांचा. मराठीची जेमतेम तेहेतीस चिन्हं त्यात बसतात, पुढचं नाव गुपचूप कापलं जातं. लांब नावांच्या शेवटी तुटका चौकोन दिसतो, ही ग्रंथपालबाईंची कित्येक वर्षांची तक्रार होती आणि दरवेळी तिचं खापर फॉन्टवर फोडलं गेलं होतं.

आता निर्णयाची वेळ होती. यूटीएफ ८ चं काम याच फेरीत उरकून टाकावं, असा मोह मोठा होता; सगळ्यांनाच ते हवं होतं. पण पीएचपी आणि अक्षरसंच एकाच वेळी बदलले आणि पुढे काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे कळणार कसं? म्हणून कंटेनरचा डेटाबेसही मुद्दाम लॅटिन १ वर आणला, चालू सर्व्हर जसा होता तसाच, त्याच्या चुकीसकट. अक्षरसंचाचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं.

तुलनेसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. संकेतस्थळाच्या सगळ्या पानांची यादी घ्यायची, प्रत्येक पान दोन्ही पोर्टवरून उतरवायचं आणि ओळीओळीने ताडून पाहायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळीच पानं वेगळी निघाली, कारण दुव्यांमध्ये पोर्ट क्रमांक होता आणि तळाशी भेटींचा आकडा. ते वगळल्यावर खरे फरक उरले: 'ईच' वापरलेल्या आणखी काही जागा आणि रिकाम्या चलावर अक्षरफंक्शन चालवल्याबद्दल ८.१ ने दिलेल्या इशाऱ्यांची रांग. ही सगळी दुरुस्ती सरळ होती. शेवटी स्क्रिप्टने एकही फरक दाखवला नाही आणि आम्हाला वाटलं, झालं.

वर्गणीचा आकडा

लॅपटॉप ग्रंथालयात नेला आणि ग्रंथपालबाईंना दोन्ही खिडक्या उघडून दिल्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही. रोज जे करता तेच करा, एवढंच म्हटलं. त्यांनी दिवाळी अंक योजनेचा अर्ज दोन्हीकडे भरला आणि उजवीकडे बोट दाखवलं.

"सर, इथे वर्गणी कमी कशी दाखवतंय? मी सवलत निवडलीच नाही."

पान सुंदर उघडलं होतं. इशारा नाही, चूक नाही, नोंदीच्या फाइलमध्ये एक ओळ नाही. फक्त आकडा चुकला होता.

अर्जात 'सवलत' असा रकाना आहे: ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी वगैरे. साधा सभासद तो रिकामा सोडतो. कोड म्हणत होता, सवलत शून्याबरोबर असेल तर पूर्ण वर्गणी, नाहीतर सवलतीची. पीएचपी ७ मध्ये रिकामी अक्षरमाला आणि शून्य यांची सैल, म्हणजे प्रकार न पाहता, तुलना केली तर उत्तर 'समान' असं येतं. पीएचपी ८.० पासून हा नियम बदलला. आता उत्तर 'असमान'. म्हणजे ज्याने सवलत मागितलीच नाही, त्या प्रत्येकाला ती मिळाली असती. पूर्ण हंगामाची वर्गणी कमी जमा झाली असती आणि हे लक्षात यायला हिशेब तपासणीपर्यंत वाट पाहावी लागली असती.

स्क्रिप्टला हे दिसणं शक्यच नव्हतं. ती पानं उतरवत होती, अर्ज भरत नव्हती. त्याच दिवशी तीत सर्व अर्जांची भर घातली: प्रत्येक रकाना भरलेला, रिकामा आणि शून्य अशा तिन्ही स्थितींत. शिवाय कोडमधल्या शून्याशी होणाऱ्या सगळ्या सैल तुलना शोधून एकेक तपासल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. सभासद अर्जातली एक तशी नव्हती.

निकाल

ग्रंथालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आवृत्ती बदलली. मुखपृष्ठ, शोधयादी, अर्ज, सगळं चाललं. सूचनाफलक कोरा आला.

कारण कोडमध्ये नव्हतं. लांब सूचनांची पहिली काही अक्षरं कापून दाखवणारं फंक्शन एमबीस्ट्रिंग एक्स्टेन्शनमधलं आहे. पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये ते असतंच. होस्टिंगवर मात्र प्रत्येक आवृत्तीसाठी एक्स्टेन्शनांच्या खुणा वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि ८.१ पुढे ती खूण नव्हती. खूण केली, पान आलं. सगळं मिळून अर्धा तासही गेला नाही, पण ज्या चाचणीवर इतका भरवसा ठेवला होता तिच्यातून ही एक गोष्ट निसटलीच.

नोंदणीचा हंगाम नीट पार पडला. अक्षरसंचाचा बदल दिवाळीनंतर केला: डेटाबेसची प्रत लॅटिन १ म्हणूनच काढायची, म्हणजे बाइट जसेच्या तसे राहतात, फाइलमधली अक्षरसंचाची नोंद बदलायची, मग नव्याने चढवायची. हीसुद्धा कंटेनरमध्ये आधी अनेकदा करून पाहिली. कापली गेलेली नावं मात्र कुठल्याच उपायाने परत येणार नव्हती. ग्रंथालयातल्या दोघीजणी दाखल नोंदवही समोर घेऊन ती पुन्हा भरत आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

उपडोमेनवरची शेवटची फेरी वेळ कमी पडतोय म्हणून गाळली गेली. एमबीस्ट्रिंगची खूण तिथे हमखास सापडली असती. कंटेनर कितीही काळजीपूर्वक जुळवला तरी तो होस्टिंगच्या यंत्राची नक्कल असतो, ते यंत्र नव्हे. दोन्ही फेऱ्या लागतात, आणि उपडोमेनची फेरी फार तर तासाभराचं काम आहे.

ग्रंथपालबाईंना शेवटी बोलावण्याऐवजी सुरुवातीलाच बसवायला हवं. पानांची यादी आम्ही कोडमधून काढली. कामांची यादी त्यांच्याकडून काढली असती, तर अर्ज पहिल्याच दिवशी चाचणीत आले असते. कुठलं पान चुकलं तर काय बिघडेल हे त्यांना ठाऊक आहे. प्रोग्रामरला सगळी पानं सारखीच दिसतात.

दोन आवृत्त्या शेजारी चालवण्याची कल्पना मात्र मी कुठल्याही जुन्या संकेतस्थळासाठी आहे तशीच पुन्हा वापरेन. जुन्या कोडला ना चाचण्या असतात, ना कागदपत्रं. तो कसा वागायला हवा याचा एकमेव पुरावा म्हणजे तो आज कसा वागतो. ७.४ चा कंटेनर आम्हाला तो पुरावा हवा तेव्हा समोर ठेवून देत होता.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. डॉकरफाइल, कॉम्पोज फाइल, तुलनेची स्क्रिप्ट आणि बदललेल्या माहितीची प्रत हे सगळं आता गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, कोडच्या शेजारी आहे. नव्या माणसाच्या लॅपटॉपवर पूर्वी अख्खा दिवस जात असे. आता इमेज उतरायला नेट जेवढा वेळ लावेल तेवढाच. फक्त विंडोजवर गिट ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतं आणि मग कंटेनर सुरू करणारी शेल स्क्रिप्ट 'सापडली नाही' म्हणून कंटेनर उभाच राहत नाही; ती फाइल लिनक्सच्या पद्धतीनेच ठेवावी, असा नियम रिपॉझिटरीत लिहून ठेवला आहे.

८.१ ची सुरक्षा मुदतही ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. त्याच कॉम्पोज फाइलमध्ये ८.३ चा तिसरा कंटेनर, ८०८३ पोर्टवर, जोडला आहे. पहिल्या फेरीत आधी जाहीर न केलेल्या गुणधर्मांबद्दलचे इशारे आले आहेत. हा नियम ८.२ पासूनचा, आणि हे इशारे बहुतेक सगळे शोधयादीच्या एकाच फाइलमधले आहेत. अर्जांची फेरी या वेळी ग्रंथपालबाईंच्या यादीप्रमाणे चालू आहे आणि उपडोमेन आधीच काढून ठेवलं आहे.